मुंबईच्या हवेत शातो लातूर: जपणूक आणि ओतणं

शातो लातूर ही फ्रान्समधल्या बोर्दोच्या पोयाक गावातली वाइन इस्टेट. 1855च्या बोर्दो वाइन्सच्या वर्गवारीत ती थेट पहिल्या श्रेणीत आली. तिचा जीव आहे ‘लांक्लो’ या जुन्या मळ्यात: वर जाड खडी, खाली चिकणमाती, शेजारी जिरोंद नदी. नदीमुळे वेली गोठवणारं दव टळतं, खडीतून पाणी निचरतं. कॅबर्ने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाचं प्रमाण मोठं, म्हणून तरुणपणी ही वाइन तुरट आणि कडक लागते. चांगल्या वर्षाची बाटली 15 वर्षांच्या आत उघडणं म्हणजे आमच्या मते नासाडीच.

मुंबईत खरा शत्रू उकाडा. कपाटात 30 अंशांवर वाइन फुगते, बूच सरकतं, चव शिजल्यासारखी होते. 12 ते 14 अंशांचा वाइन कूलर घ्या, बाटली आडवी ठेवा. घरचा फ्रिज वर्षानुवर्षांसाठी नको. कोरड्या थंडीत बूच आक्रसतं. पावसाळ्यात लेबलवर बुरशी धरते, तेव्हा बाटलीला पातळ प्लास्टिक गुंडाळा.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच स्क्रूने चुरतं. दोन पात्यांचा ओपनर वापरा. मानेखाली टॉर्च धरून एका दमात, सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओता. गाळ मानेपाशी दिसला की थांबा. तरुण बाटलीला दोन-तीन तास हवा द्या. तिशी ओलांडलेली मात्र ओतल्यावर लगेच प्या, नाहीतर सुगंध उडून जातो. पेल्यात 17-18 अंश हवेत. आपल्याकडच्या खोलीचं तापमान फार जास्त.