साप भक्ष्य नाकारतो तेव्हा: पर्याय निवडताना या चुका टाळा

पाळीव सापाने दोन-तीनदा उंदीर नाकारला की पाळणाऱ्याच्या मनात भक्ष्य बदलण्याचा विचार येतो. हीच बहुधा पहिली चूक ठरते, कारण सापाचे बिनसलेले असते ते भक्ष्याशी नव्हे, तर भोवतालच्या परिस्थितीशी. बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या पेटीतील उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियसपर्यंत तापत नसेल, अंग चहूबाजूंनी टेकेल अशी लपण्याची जागा नसेल, कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर दुधाळ झाक आली असेल किंवा सापाला घरी आणून आठवडाही झाला नसेल, तर त्याच्यापुढे काहीही ठेवले तरी तो तोंड फिरवण्याचीच शक्यता अधिक. पूर्ण वाढ झालेला निरोगी बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो आणि तेवढ्या काळात त्याचे वजन फारसे घटतही नाही. म्हणून आधी वजनकाटा आणि नोंदवही हाताशी घ्यावी. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरले, तोंडात चिकट स्राव दिसला किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडेच जावे. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांच्या बाबतीत मात्र एवढी सवड नसते.

साप नकार कसा देतो, हे पाहणे दुसरी पायरी आहे आणि ती बहुतेक जण गाळतात. भक्ष्य लांब चिमट्यात धरल्यावर साप डोके मागे घेऊन वेटोळे आवळत असेल, तर तो घाबरलेला आहे. भक्ष्य लहान करावे किंवा रात्रभर पेटीत ठेवून आपण दूर व्हावे. तो जवळ आला, जीभ भराभर लवलवली, नाकाने उंदराच्या अंगाला स्पर्श केला आणि मग मान वळवून निघून गेला, तर त्याला भूक आहे, पण वासात किंवा उष्णतेत काहीतरी खटकले आहे. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये पूर्ण वितळू न देता घाईने गरम पाण्यात टाकला, की तो बाहेरून कोमट लागतो आणि पोटात बर्फाचा गोळा तसाच राहतो. ओठांवरील खाचांनी उष्णता ओळखणाऱ्या अजगराला असा उंदीर सहसा पटत नाही. पूर्ण वितळलेला उंदीर पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवावा, साधारण ३८ ते ४० अंशांपर्यंत तापवावा आणि डोक्याकडचा भाग जरा अधिक उबदार राहील असे पाहावे. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये; उंदीर एकसारखा तापत नाही, क्वचित फुटतोही, आणि तो पुसण्याचे काम पाळणाऱ्याच्याच नशिबी येते.

एवढे करूनही नकार कायम राहिला, तरच पर्यायाकडे वळावे. तो निवडताना हाताशी काय आहे यापेक्षा ती जात निसर्गात काय खाते, हे आधी पाहावे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन उंदीरवर्गीय प्राण्यांबरोबर पक्षीही खातो, म्हणून त्याला मऊ केसांचा आफ्रिकी उंदीर, जर्बिल हा उंदरासारखा छोटा प्राणी किंवा कोंबडीचे पिलू देऊन पाहता येते. हॉगनोज जातीचा साप भेक खातो, किंगस्नेक या सापाच्या पिलांना सरड्यांचा वास ओळखीचा असतो, तर आफ्रिकेतील अंडीखाऊ साप पक्ष्यांच्या अंड्यांशिवाय काहीच खात नाही. त्याच्यापुढे उंदीर ठेवून तो ‘चोखंदळ’ असल्याची तक्रार करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे तात्पुरत्या पर्यायाला कायमचे अन्न करणे. जर्बिलची चटक लागलेला साप पुढे साध्या उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि जर्बिल नेहमी मिळेलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे पूर्ण प्राणी बदलण्याऐवजी नुसता वास उसना घ्यावा. जर्बिलच्या पिंजऱ्यातील वापरलेला भुसा उंदराच्या अंगाला चोळावा, किंवा उंदराच्या नाकाशी कोंबडीच्या पिलाची लव लावावी. हॉगनोजसाठी ट्यूना किंवा सॅमन माशाचा वासही अनेकदा पुरतो. साप खाऊ लागल्यावर दर खेपेस हा वास थोडा थोडा कमी करत जावे.

कोंबडीच्या मांसाचे तुकडे हा पर्यायच नव्हे. साप हाडे, यकृत आणि आतड्यांसकट अख्खा प्राणी गिळतो. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असते आणि अशा आहारावर वाढणाऱ्या पिलाची हाडे ठिसूळ होतात. गार्टर सापांना मासे देणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज हे विकर असते, ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते आणि गोठवल्याने निष्प्रभ होत नाही. असे मासेच सतत दिल्यास सापाला झटके येऊ शकतात. ट्राउट किंवा सॅमन त्या मानाने सुरक्षित आहे.

अंगणात पकडलेला उंदीर किंवा पाल कधीही देऊ नये. त्यांच्या पोटातील जंत, आणि उंदराने खाल्लेले विष, दोन्ही सापाच्या पोटात उतरतात. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो आणि ती जखम पाठीच्या कण्यापर्यंत जाऊ शकते.

शेवटची चूक घाईची. सोमवारी उंदीर, बुधवारी कोंबडीचे पिलू, शुक्रवारी जर्बिल असा मारा केला, तर साप बिथरतो आणि नेमके काय नडले हे पाळणाऱ्यालाही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सापाच्या पिलांना पाच ते सात दिवसांनी आणि मोठ्या सापांना दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा भक्ष्य द्यावे. पहिल्यांदा दिलेले नवे भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जरा बारीकच असावे, आणि ते गिळल्यानंतर किमान ४८ तास सापाला हातात घेऊ नये.