खेड्यात राहून जुनी बेसबॉल रुकी कार्डे जमवताना

बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचे चित्र असलेले छोटे छापील कार्ड. खेळाडूचे कार्ड ज्या वर्षी एखाद्या कंपनीच्या नियमित संचात प्रथम छापले गेले, त्या वर्षीचे कार्ड म्हणजे रुकी (नवख्याचे) कार्ड. म्हणून खरेदीपूर्वी नुसते नाव न पाहता वर्ष आणि कंपनीही पाहावी. अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे, टॉप्स कंपनीचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, तरी त्याचे रुकी कार्ड १९५१ चे, बोमन कंपनीचे आहे.

यवतमाळ किंवा वाशीमकडच्या गावात असे कार्ड आधी हाताळून पाहणे जवळपास अशक्यच, त्यामुळे विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची, तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे मागवावीत, म्हणजे दुमडीची रेघ दिसते. कार्ड हाती आल्यावर पट्टीने मोजावे. १९५७ पासूनची टॉप्स कार्डे अडीच बाय साडेतीन इंचांची असतात. माप कमी भरले, तर कडा कापल्याची शंका घ्यावी. मग भिंग लावावे: अस्सल कार्डावर चित्राचे रंग ठिपक्यांचे असले, तरी काळी अक्षरे सहसा सलग शाईची असतात, आणि अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली दिसली, तर ते बहुधा पुनर्मुद्रण असते.

आपल्याकडे खरी कसोटी साठवणीची आहे. मे महिन्यात टिनाखालची खोली भट्टीसारखी तापते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून पीव्हीसी नसलेल्या पाकिटांतली कार्डे, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून दूर ठेवावीत. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन मात्र कदापि करू नये. त्याने कार्डाचे मोल जवळजवळ संपते.