आधी कान, मग खोगीर

पहिल्या वर्षात मी माझ्या घोडीवर एकूण नऊ वेळा बसले. कॅलेंडरवर खुणा आहेत, म्हणून आकडा पक्का. बाकीचे दिवस लीद उचलण्यात, पाणी भरण्यात, कडब्याची कुट्टी करण्यात आणि रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन 'ही आत्ता का फुरफुरली?' हे बघायला जाण्यात गेले. 'आम्हालाही शहर सोडून असंच राहायचंय' म्हणत जी मंडळी येतात, त्यांना मी चहाच्या आधी हा आकडा सांगते. काहीजण चहा पिऊन जातात ते जातातच. जे पुन्हा येतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आमचं घर पुरंदर तालुक्यात, सासवड आणि जेजुरीच्या मधल्या पट्ट्यात. पावणेदोन एकर, सासऱ्यांकडून आलेली. हे मुद्दाम सांगते, कारण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावर कुठेच नाव नसेल, तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. 'शेतकरी दाखल्याचं मी बघतो' म्हणणारा एजंट भेटला की चहाचे पैसे देऊन उठा. एखाद्या शेतकऱ्याकडे भाड्याने घर आणि गोठा घेऊन दोन उन्हाळे काढा. दोन हिवाळे नाही, दोन उन्हाळे. हिवाळ्यात पुरंदर सगळ्यांनाच आवडतं.

घोडी घेतली सारंगखेड्याला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार जुना आणि नावाजलेला. मी गेले होते नुसतं बघायला. (असं सगळेच म्हणतात.) तिथले जाणकार आधी घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतात. गळ्याखाली देवमण नावाचा भोवरा असला की किंमत चढते, चारही पाय पांढरे नि तोंडावर पट्टा असलेला पंचकल्याणी असला तर विचारूच नका. आमच्या घोडीच्या डोळ्याखाली भोवरा आहे. म्हणजे ती जन्मभर रडणारी, मालकाला रडवणारी. म्हणून ती माझ्या बजेटात बसली. मला रडवलं तिने, पण त्यात भोवऱ्याचा काही हात नव्हता.

तुम्ही बाजारात गेलात तर भोवरे सोडा, खूर बघा, दात बघा, नाक बघा. नाकातून चिकट स्राव वाहणारा घोडा कितीही देखणा असला तरी पुढे चला. ग्लँडर्स नावाचा रोग माणसालाही होतो, आणि घोड्याला झाल्याचं सिद्ध झालं की त्याला मारावंच लागतं. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका.

मी तिचं नाव तारा ठेवलं होतं. गावाने आठवड्यात ते मोडीत काढलं. जेजुरीच्या शिवेवर घोडी आली म्हणजे ती खंडोबाचीच, तेव्हा नाव म्हाळसा. पुढच्या वर्षी एका धनगराच्या वाड्यावरून, म्हणजे मेंढ्यांच्या तळावरून, ठेंगणी, दणकट भीमथडी जातीची घोडी घेतली, तेव्हा तर कुणी मला विचारलंसुद्धा नाही. ती बानू.

आता दिवसाचा हिशेब. म्हाळसाचं वजन तीनशे किलोच्या आसपास, बानूचं त्याहून थोडं कमी. वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा रोज लागतो, म्हणजे दोघींना मिळून वर्षाला चार टनांच्या वर. पाणी दोघींचं सत्तर लिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते तेव्हा हे लिटर टँकरच्या बिलात दिसतात. घोड्याचं पोट गाईसारखं नसतं. चार कप्पे नाहीत, रवंथ नाही. एक लहानसं जठर आणि पुढे लांबलचक आतडी. त्यामुळे थोडं थोडं, दिवसभर खायला हवं. दोन वेळेला घमेलं भरून ठेवलं नि झालं, असा प्रकार नाही. आम्ही कुट्टी, मारवेल गवत आणि भिजवलेल्या हरभऱ्याची थोडी चंदी देतो. गाईंचं तयार पशुखाद्य नि कोंबडीखाद्य चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, गाईला ते चालतं आणि घोड्याचा जीव घेतं. ही गोष्ट मला दुकानदाराने सांगितली नाही, शेजाऱ्यांनी सांगितली नाही, कुणीच सांगितली नाही, वाचनात आली म्हणून वाचले. कुंपणाला कण्हेर असेल तर आजच उपटा. बुरशी धरलेला कडबा फेकून द्या, पैशांकडे बघू नका.

आणि एक गोष्ट कायमची डोक्यात कोरून ठेवा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते पुढेच जाणार, मागे फिरणार नाही.

मला हे पाठ होतं. गावाला नव्हतं. पहिल्या वर्षीच्या चंपाषष्ठीला मी दुपारी बँकेच्या कामाला सासवडला गेले. परत आले तर म्हाळसाच्या कपाळावर भंडारा, गळ्यात झेंडूची माळ, आणि आसपासच्या सात-आठ घरांतले रोडगे तिच्या पोटात. वर गूळ. रात्री नऊला ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, लगेच उठायची, मग लोळायला जायची. मी तिच्या कुशीला कान लावला. एरवी तिथे टाकीत पाणी पडल्यासारखे गुडगुड आवाज असतात. त्या रात्री काही नव्हतं. अशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर साडेदहाला आले. 'मी म्हशींचा माणूस आहे ताई,' असं दारातच म्हणाले, पण हात सरावाचे होते. वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं, आणि पोट नाहीच सुटलं तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची तयारी ठेवायला सांगितलं. गाडीवाल्याला उठवून ठेवलं. मग आम्ही तिला अंगणात हळूहळू फिरवत राहिलो. मी, माझा नवरा आणि शेजारच्या आजी, ज्यांचे रोडगे सगळ्यात जास्त होते. 'अगं, देवाचं घोडं, सणाला उपाशी कसं ठिवायचं?' असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मग काहीच बोलल्या नाहीत. दोरी मात्र सोडली नाही. पहाटे पावणेतीनला म्हाळसाने लीद टाकली. आजींनी त्या लिदीला हात जोडले. मला हसू आलं नाही, मीही जोडले.

आता दर चंपाषष्ठीला आजी गाजरं घेऊन येतात आणि दाराशी उभं राहून इतरांचे रोडगे अडवतात. माझ्या शंभर सूचनांनी जे झालं नसतं ते त्यांच्या एका हाकेत होतं. नव्याने गावात येणाऱ्याने आधी अशी एक आजी शोधावी, मग नालबंद.

नालबंदाची अडचण मात्र खरीच आहे. गावोगावचे नालबंद बैलांचे. बैलाला आडवा पाडून, दुभंगलेल्या खुराला दोन वेगळ्या पत्र्या ठोकतात. घोड्याला उभ्यानेच नाल मारतात आणि त्याचं सगळं तंत्र वेगळं. आमचा माणूस पुण्याहून यायचा, रेसच्या तबेल्यांत काम करणारा. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात, मुंबईच्या हिवाळ्यात. दिवाळी संपली की तो मुंबईला, आणि माझ्या घोड्यांचे खूर वाढतच राहायचे. दर सहा ते आठ आठवड्यांनी ते कापून घासावे लागतात. शेवटी त्याच्याकडूनच कानस धरायला शिकले. नाल काढूनच टाकले, आमचं काम शेताच्या बांधावरचं, डांबरी रस्त्यावरचं नाही. पहिल्यांदा एक खूर घासायला मला पन्नास मिनिटं लागली. मधल्या काळात बानूने माझ्या पाठीवर रेलून झोप काढली.

लीद रोज दोन घमेली भरून. ताजी टाकली तर रोप जळतं, म्हणून तीन-चार महिने ढीग कुजवायचा. तरी त्यातून गवत उगवतं, कारण घोड्याच्या पोटातून बी बरंचसं जसंच्या तसं बाहेर येतं. पण कुजली की अंजिराला हिच्यासारखं खत नाही. आमची अकरा अंजिरं आणि तीसेक सीताफळं त्याच्यावर उभी आहेत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे गावात झाडाझाडाची चौकशी होते. माझ्या झाडांना लोक 'घोडीची अंजिरं' म्हणतात. ते कौतुक आहे की टोमणा, हे तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

आणि त्या ढिगामागे सगळे येतात. ढिगात हुमणीच्या, भुंग्यांच्या पांढऱ्या, जाड अळ्या. त्या वेचायला हुदहुद, गायबगळे, मुंगूस. रात्री रानडुकरं. डुकरं ढीग उकरता उकरता शेजारच्या वाफ्यात शिरतात. रताळी मात्र त्यांनी खाल्ली की साळिंदराने, यावर घरात वाद चालला होता. एका सकाळी उकरलेल्या सरीत काळा-पांढरा, वीतभर काटा पडलेला मिळाला आणि वाद मिटला. आता ढीग बागेपासून लांब, उताराच्या बाजूला आहे, आणि रताळी लावत नाही. कुंपणात थेट लाइनची वीज सोडायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचं पोर चिकटतं.

आता कानांबद्दल. हे मला कुणी आधी शिकवलं असतं तर पहिल्या सहा महिन्यांतली निम्मी जागरणं वाचली असती. घोड्याचा प्रत्येक कान वेगळा फिरतो, जवळजवळ अर्ध्या वर्तुळात. एक तुमच्याकडे आणि एक रस्त्याकडे, म्हणजे सगळं ठीक. दोन्ही मागे चिकटलेले, म्हणजे तुम्ही दोन पावलं मागे या. दोन्ही एकाच जागेवर रोखलेले, मान ताठ, म्हणजे तिथे काहीतरी आहे. पण काय आहे हे घोड्यावर अवलंबून. म्हाळसा शहराजवळच्या तबेल्यातली. वाऱ्याने उडालेल्या खताच्या रिकाम्या गोणीला ती जेवढी घाबरते, तेवढीच तरसाला. सुरुवातीला मी तिच्या प्रत्येक फुरफुरण्याला धावायचे आणि गोणी उचलून परत यायचे.

बानू मात्र धनगरांच्या वाड्याबरोबर कोकणापर्यंत जाऊन आलेली. पाठीवर संसार, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. तरस बांधावरून उतरत्या पाठीने लगालगा गेलं तरी ती नुसता एक कान वळवते. ससा, खोकड, मोर यांना तर तेवढाही नाही. म्हणून आता मी बानूचं तोंड बघते. ती चघळायची थांबली तरच बाहेर जाते.

असं आजवर दोनदा झालं. त्यातली एक वेळ डिसेंबरातली, उजाडताना. मी कुट्टी टाकत होते. बानूच्या ओठांतून कडब्याचं पान अर्धं लोंबत राहिलं, जबडा थांबला, दोन्ही कान पश्चिमेच्या पडीक रानाकडे. मला काहीच दिसेना. मग ते वाळलेलं गवतच हललं आणि त्यातून दोन लांडगे निघाले. गवताच्याच रंगाचे, पाय लांब, शेपटी खाली. शंभर-सव्वाशे पावलांवर. एक थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि दोघे कुणाच्याही वाटेला न जाता ओढ्याकडे उतरले. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा काय नि लांडगे काय, त्यांचं खरं घर हीच आपल्या सातबाऱ्यांमधली माळरानं. मिनिटभराने बानूने ते पान आत ओढलं आणि चघळायला लागली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

रात्री दोघींना बंद, छपराखालच्या पागेत घ्यायचं, शिंगरू असेल तर निश्चितच. बिबट्या आमच्याकडेही दिसतो. जनावर मारलं गेलंच तर ते जागेवरून हलवू नका, आधी वनविभागाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. वनविभागाचा नंबर १९२६, आजारी जनावरासाठी १९६२. हे दोन्ही पागेच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेत, कारण ऐनवेळी फोनमध्ये शोधताना बोटं चालत नाहीत. धनुर्वाताची लस दरवर्षी. घोड्याला तो फार पटकन होतो आणि आपल्या शेतांत गंजका खिळा कुठेही सापडतो.

कडब्याच्या गंजीत घोणस असते असं धरूनच हात घाला, म्हणजे घालूच नका, आधी काठीने पेंढी ओढा. चावलीच तर भगत नाही, सरळ सरकारी दवाखाना. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, आणि ती घोड्यांना थोडं थोडं विष टोचून, त्यांच्या रक्तातून तयार करतात. हे मी आजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी म्हाळसाच्या कपाळाला पुन्हा भंडारा लावला.

यायचंच असेल तर मार्चमध्ये या. रब्बीची ज्वारी निघालेली असते, कडब्याच्या शंभर पेंढ्यांचा भाव जरा खाली असतो, आणि वर्षाचा कडबा त्या पंधरवड्यात घेऊन रचावा लागतो. जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणा. गंज लावायला आम्हाला दरवर्षी दोन माणसं कमी पडतात.