भिंतीवरचं मत कसं वाचावं: आधी नकाशा, मग कलमं

मी सांगलीत वकिली करतो. भूसंपादनाची प्रकरणं हे रोजचं काम, आणि संध्याकाळी विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. मूट कोर्टाची, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची, तयारी करणारी मुलं दरवर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं ९ जुलै २००४ चं सल्लागार मत घेऊन येतात. पॅलेस्टाइनच्या व्याप्त प्रदेशात इस्राएल बांधत असलेल्या भिंतीचे कायदेशीर परिणाम काय, याबद्दलचं ते मत. बहुतेक जण पहिल्या परिच्छेदापासून सुरू करतात आणि अधिकारक्षेत्राच्या चर्चेतच थकून जातात. खरा गाभा वाचायचा राहून जातो, आणि मग युक्तिवादात ‘भिंत वाईट आहे’ एवढंच उरतं. तेवढ्यावर कुठलंही न्यायालय मान हलवणार नाही.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. जमिनीचं प्रकरण हाती आलं की आपण आधी नकाशा मागतो. मग कब्जा कुणाचा, कोणत्या अधिकाराने घेतला, गरज होती का, आणि शेवटी भरपाई. हे मतही त्याच क्रमाने वाचा.

वाचायला बसण्याआधी चार गोष्टी जवळ ठेवा. मताची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. जमिनीवरच्या युद्धासाठीच्या १९०७ च्या हेग नियमांमधली ४२ ते ५६ ही कलमं छापून घ्या. युद्धकाळात नागरिकांचं रक्षण करणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराची २, ४९ आणि ५३ ही कलमं काढा. चौथी गोष्ट म्हणजे वेस्ट बँकचा मोठा नकाशा. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय असे नकाशे प्रसिद्ध करतं. त्यावर ग्रीन लाइन, म्हणजे १९४९ ची युद्धविराम रेषा, हिरव्या पेन्सिलीने गिरवा आणि भिंतीचा मार्ग लाल पेन्सिलीने. हे काम स्वतःच्या हाताने करा. दोन रेषा कुठे एकत्र चालतात आणि कुठे फुटतात, हे बोटाखालून गेल्याशिवाय पुढचे परिच्छेद कळत नाहीत.

आता थेट शेवटचा परिच्छेद उघडा, क्रमांक १६३. तिथे निष्कर्ष आणि प्रत्येकाची मतमोजणी आहे. मत देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे १५ विरुद्ध ० असं एकमताने ठरलं. भिंतीचं बांधकाम आणि तिच्याशी जोडलेली परवान्यांची व्यवस्था आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे, हे १४ विरुद्ध १. काम थांबवा, बांधलेलं पाडा, नुकसान भरून द्या, हेही १४ विरुद्ध १. या परिस्थितीला इतर कोणत्याही देशाने मान्यता देऊ नये आणि ती टिकवायला मदत करू नये, या मुद्द्यावर १३ विरुद्ध २. ही आकडेवारी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. १४ विरुद्ध १ मधला तो एक न्यायमूर्ती कोण, तेही लिहून ठेवा: अमेरिकेचे थॉमस ब्युर्गेन्थाल. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

मग परिच्छेद ७९ ते ८५. इथे भिंत प्रत्यक्षात काय आहे, हे सांगितलंय. सगळीकडे काँक्रीट नाही. बहुतांश ठिकाणी संवेदक लावलेलं कुंपण आहे, ४ मीटरपर्यंत खोल खंदक, गस्तीसाठी डांबरी रस्ता, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून सपाट केलेला वाळूचा पट्टा आणि काटेरी तारांची वेटोळी. सगळं मिळून साधारण ५० ते ७० मीटर रुंदी, काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत. काँक्रीटची उभी भिंत काही भागांतच आहे. शेतकऱ्याच्या बाजूने विचार करणाऱ्याने ही रुंदी अधोरेखित करावी, कारण भिंतीच्या नुसत्या पायाखालीही शेतं गेली.

त्याच परिच्छेदांत संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या अहवालातले आकडे आहेत. त्या वेळच्या नियोजित मार्गानुसार ग्रीन लाइन आणि भिंत यांच्यामध्ये ९७५ चौरस किलोमीटर जमीन अडकत होती, वेस्ट बँकच्या १६.६ टक्के. तिथे २,३७,००० पॅलेस्टिनी राहत होते. शिवाय १,६०,००० लोक जवळजवळ चहूबाजूंनी वेढल्या जाणाऱ्या वस्त्यांत येणार होते. हे आकडे २००४ चे आहेत, नंतर मार्ग बदलत गेला. युक्तिवादात वापरताना ‘त्या वेळच्या मार्गानुसार’ हे शब्द सोडू नका.

जमिनीचं माप तिकडे दुनाममध्ये सांगतात. १ दुनाम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपले जवळजवळ १० गुंठे. परिच्छेद १३३ मध्ये न्यायालयाने उद्धृत केलेल्या अहवालात पहिल्या टप्प्यात अंदाजे १,००,००० दुनाम सुपीक जमीन गेल्याचं म्हटलंय, ऑलिव्हची झाडं, विहिरी आणि लिंबूवर्गीय बागांसह. आकडा वाचून पुढे सरकू नका, एकरांत मांडा: सुमारे २५,००० एकर. याच परिच्छेदात कल्किल्या शहराची स्थिती आहे. वस्ती ४०,००० ची, भोवती भिंत, आणि आत-बाहेर जायला एकच लष्करी नाका, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ उघडा. नकाशावर कल्किल्या शोधा. ते ग्रीन लाइनला चिकटून आहे.

आता कब्जा. हेग नियमांचं ४२ वं कलम सांगतं की प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला की तो व्याप्त. इस्राएलने १९०७ च्या करारावर सही केलेली नाही, पण हे नियम आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग आहेत आणि म्हणून सगळ्यांना लागू आहेत, असं न्यायालय ८९ व्या परिच्छेदात म्हणतं. जिनिव्हा कराराबाबत वाद जास्त होता. वेस्ट बँकवर जॉर्डनची सार्वभौमता मान्यच नव्हती, मग करार लागू कसा, असा इस्राएलचा आक्षेप. त्यावर न्यायालय दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवतं: सशस्त्र संघर्ष आणि तो करारातल्या दोन देशांमध्ये, एवढ्या दोनच अटी. १९६७ मध्ये इस्राएल आणि जॉर्डन दोघेही कराराचे पक्षकार होते. ९० ते १०१ हे परिच्छेद दोनदा वाचा. मालकीचा वाद सुटलेला नसला तरी तिथे राहणाऱ्या माणसांचं संरक्षण अडत नाही, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

इथून पुढे सावकाश. परिच्छेद ११४ ते १३७ हा गाभा आहे, आणि त्याची किल्ली मार्गात आहे. स्वतःच्या हद्दीत कुंपण घालायला कुणाची हरकत नव्हती. प्रश्न व्याप्त जमिनीवरचा. न्यायालय नकाशा पाहून सांगतं की भिंतीची नागमोडी रेषा अशी आखली आहे की व्याप्त प्रदेशात राहायला आलेल्या इस्राएली वसाहतवाल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक तिच्या आत येतात. वसाहती मुळातच ४९ व्या कलमाच्या सहाव्या परिच्छेदाविरुद्ध आहेत, कारण कब्जेदाराने आपली लोकसंख्या व्याप्त प्रदेशात हलवू नये. मग त्या वसाहतींना सामावून घेण्यासाठी भिंत वाकवली, तर तिचा पाया तिथेच ढासळतो. भिंत तात्पुरती आहे, असं इस्राएल सांगत होता. परिच्छेद १२१ मध्ये न्यायालय म्हणतं की ही वस्तुस्थिती कायमची होऊ शकते, आणि तसं झालं तर नाव काहीही दिलं तरी तो प्रदेश जोडून घेणंच ठरेल.

जमीन घेण्याच्या अधिकाराकडे आपल्या लोकांचं लक्ष विशेष जावं, अशी माझी इच्छा असते. हेगचं ४६ वं कलम खासगी मालमत्तेची जप्ती मनाई करतं. ५२ वं कलम अधिग्रहणाला परवानगी देतं, पण कब्जा करणाऱ्या सैन्याच्या गरजेपुरतंच, आणि मोबदला देऊन किंवा निदान पावती देऊन. युद्धात मालमत्ता नष्ट करण्यासंबंधीचं २३ (ग) कलमही चर्चेत येतं, पण ते प्रत्यक्ष लढाईच्या विभागातलं आहे म्हणून इथे गैरलागू, असं न्यायालय ठरवतं. जिनिव्हाच्या ५३ व्या कलमात लष्करी कारवाईसाठी अत्यावश्यक असेल तर सूट आहे, हे विसरू नका. विरुद्ध पक्ष तेच पुढे करणार. उत्तर परिच्छेद १३५ आणि १३७ मध्ये आहे: निवडलेला विशिष्ट मार्ग सुरक्षेसाठी आवश्यकच होता, याची उपलब्ध कागदपत्रांवरून न्यायालयाला खात्री पटली नाही. तुमचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा करता येतो.

दुसरी बाजूही तितक्याच मन लावून वाचा. मार्च २००२ मध्ये इस्राएलमधल्या नेतान्या शहरातल्या एका हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसं आत्मघाती स्फोटात मारली गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने भिंतीच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. नागरिकांचं रक्षण करणं हा इस्राएलचा हक्क आहे, इतकंच नव्हे तर कर्तव्यही आहे, असं न्यायालय परिच्छेद १४१ मध्ये स्पष्ट म्हणतं, फक्त उपाय कायद्यात बसले पाहिजेत. स्वसंरक्षणाचा मुद्दा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१ वं कलम, न्यायालयाने १३९ व्या परिच्छेदात फार थोडक्यात उरकलाय. हल्ला परक्या राष्ट्राचा नाही आणि धोका इस्राएलच्याच ताब्यातल्या प्रदेशातून आहे, एवढं कारण दिलंय. मला तो भाग कमजोर वाटतो. न्यायमूर्ती रोझालिन हिगिन्स निष्कर्षाशी सहमत होत्या, पण या परिच्छेदाशी नाही. त्यांचं स्वतंत्र मत नक्की वाचा.

आता ब्युर्गेन्थाल. न्यायालयापुढे पुरेशी माहिती नव्हती, म्हणून मत द्यायलाच नको होतं, ही त्यांची भूमिका. इस्राएलने लेखी म्हणणं अधिकारक्षेत्रापुरतंच मांडलं आणि फेब्रुवारी २००४ च्या तोंडी सुनावणीला भाग घेतला नाही, त्यामुळे सुरक्षेची बाजू पूर्ण आली नाही, या तक्रारीत तथ्य आहे. पण त्यांच्या घोषणेचा, म्हणजे मतासोबत जोडलेल्या स्वतंत्र निवेदनाचा, परिच्छेद ९ काढा. वसाहतींच्या रक्षणासाठी बांधलेले भिंतीचे भाग मानवतावादी कायद्याविरुद्धच, म्हणजे युद्धकाळातल्या संरक्षणाच्या नियमांविरुद्धच, आहेत, असं तेही म्हणतात. विरोधात मत देणाऱ्या एकमेव न्यायमूर्तीकडून मिळालेला हा मुद्दा, आणि कित्येक मुलं तो वाचतच नाहीत!

मतासोबत एक निकाल वाचणं मी सक्तीचं मानतो. हेगच्या मताच्या नऊ दिवस आधी, ३० जून २००४ रोजी, इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने बैत सुरीक गावाच्या प्रकरणात निकाल दिला. अध्यक्ष आहारोन बराक. जेरुसलेमच्या वायव्येकडचा जेमतेम ४० किलोमीटरचा पट्टा, ३५,००० रहिवाशांवर परिणाम, आठ गावं आपल्या ३०,००० पेक्षा जास्त दुनाम जमिनीपासून तुटणारी. कुंपण सुरक्षेसाठी घालता येतं, असं ते न्यायालय मानतं, पण शेतकऱ्यांचं नुकसान आणि सुरक्षेचा लाभ यांचं प्रमाण तपासतं आणि बहुतेक भागाचे आदेश रद्द करतं. एक न्यायालय तुकडा घेतं, दुसरं संपूर्ण रेषा. दोघांचे प्रश्न शेजारीशेजारी दोन रकान्यांत लिहा. २००५ चा अल्फेई मेनाशे या वसाहतीभोवतीच्या कुंपणाचा निकालही त्याखाली लावा, तिथे इस्राएली न्यायालयाने हेगच्या मताची थेट चर्चा केली आहे.

‘हे तर फक्त सल्लागार मत’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. मत बंधनकारक नाही, हे खरं. पण त्यात सांगितलेली कर्तव्यं हेग नियमांतून, जिनिव्हा करारातून आणि स्वयंनिर्णयाच्या हक्कातून आलेली आहेत, ती आधीपासून बंधनकारक आहेत. २० जुलै २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५० विरुद्ध ६ मतांनी या मताची दखल घेतली. डिसेंबर २००६ मध्ये नुकसानीची नोंदवही ठेवायचं ठरलं, तिचं कार्यालय व्हिएन्नात आहे. ती दावे नोंदवते, भरपाई देत नाही. भरपाईसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारे शेतकरी मी रोज पाहतो, म्हणून हा फरक मला बोचतो.

शेवटी १९ जुलै २०२४ चं मत हातात घ्या. त्यात प्रश्न भिंतीपुरता उरत नाही. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातली इस्राएलची उपस्थितीच बेकायदेशीर आहे, असं न्यायालय ११ विरुद्ध ४ मतांनी म्हणतं, आणि नव्या वसाहती थांबवून असलेल्या रिकाम्या कराव्यात, यावर १४ विरुद्ध १. हे मत मागणाऱ्या आमसभेच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावावर आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची अंमलबजावणी मागणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. मूटमध्ये परीक्षक याबद्दल हमखास विचारतात. २००४ च्या परिच्छेद १५४ ते १५९ मधली ‘सगळ्या राष्ट्रांची कर्तव्यं’ आणि २०२४ ची तीच कर्तव्यं एकाच पानावर लिहून न्या.