विकणाऱ्याने शब्द फिरवला, आता टोकन परत कसं मिळवायचं

रिसेल फ्लॅट बघितला, भाव ठरला, टोकन दिलं, लोनची फाईल बँकेत गेली आणि मग एका संध्याकाळी मालकाचा फोन येतो की "अहो आमच्या घरात एकमत होत नाहीये, सध्या विकायचं रद्द करतोय". पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही भाव चढत असले की हे सारखं होतं आणि बऱ्याचदा खरं कारण एवढंच असतं की दुसरी पार्टी चार-पाच लाख जास्त देतेय. पैसे परत मागायचा तुमचा हक्क पक्का आहे, त्यात शंका नको. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळायची, ती म्हणजे माघार त्याने घेतली, तुम्ही नाही, हे लेखी यायला हवं. कारण हाच माणूस दोन महिन्यांनी म्हणतो की "पार्टीचं लोनच झालं नाही, मुदतीत पैसे आणले नाहीत, म्हणून टोकन जप्त", आणि फोनवर काय बोलणं झालं त्याचा तुमच्याकडे काहीच पुरावा नसतो.

म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज करा, रागाचा एक शब्द नको. साधारण असा: "आज तुमचा फोन आला आणि फ्लॅट विकायचा नाही असं तुम्ही सांगितलंत. माझं लोन मंजूर आहे, ठरल्याप्रमाणे उरलेली रक्कम द्यायला मी तयार आहे. तुमचा निर्णय काय तो लेखी कळवा." बस एवढंच. त्याने "सॉरी, घरगुती कारणामुळे नाही जमणार" असं उत्तर दिलं की तुमचं अर्धं काम झालं. उत्तर दिलंच नाही तरी तुमचा मेसेज तारखेसकट राहतोच. लोन मंजूर नसेल तर तसं लिहू नका, "फाईल बँकेत आहे" असं जे खरं आहे तेच लिहा, खोटं लिहिलेलं नंतर अंगाशी येतं.

आणि याच मेसेजमध्ये "ठीक आहे, मग टोकन परत करा" असं घाईने लिहू नका प्लीज. आधी ठरवा की तुम्हाला घर हवंय की पैसे. २०१८ साली विशिष्ट अनुतोष कायदा, म्हणजे स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट बदलला आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून करार पाळायला लावणं हे कोर्टाच्या मर्जीवर पूर्वीइतकं राहिलेलं नाही, त्यामुळे साठेखत, म्हणजे अॅग्रीमेंट टू सेल झालेलं असेल तर "मला फ्लॅटच द्या" असा दावा खरंच करता येतो, पण त्यासाठी तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यवहार पूर्ण करायला तयार होता हे दाखवावं लागतं, आणि तुम्हीच आधी पैसे परत मागितलेत तर समोरचा वकील तोच मेसेज कोर्टात दाखवणार. माझं मत विचाराल तर नुसत्या विसारपावतीवर (टोकन दिल्याचा साधा लेखी कागद) लाख-दोन लाख दिले असतील तर पैसे घ्या आणि दुसरं घर बघा, वर्षानुवर्षं तारखांना जाण्यात जीव अडकवू नका. साठेखत रजिस्टर झालंय, मोठी रक्कम गेलीय आणि भाव वर गेलाय तर मात्र घराचा विचार सोडू नका, निदान वकिलाला विचारल्याशिवाय तरी नाही.

कागद लगेच गोळा करा. विसारपावती किंवा एमओयू (व्यवहाराच्या अटींचा लेखी समजुतीचा कागद), बँक स्टेटमेंट, लोनचं सॅंक्शन लेटर (हे फार कामाचं, पैशांची तयारी होती याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही), इंडेक्स टू (सब रजिस्ट्रारकडच्या नोंदणीचा उतारा, त्यात मालकांची नावं असतात), एजंटशी झालेली चॅट. व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि तो फोन विकू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट द्यावं लागतं, स्क्रीनशॉटच्या प्रिंटा एकट्या पुरत नाहीत. पावती केली नव्हती, फक्त एनईएफटी केलं होतं, असंही खूप जणांचं असतं. तरी पैसे बुडत नाहीत. व्यवहार मोडल्यावर घेतलेला फायदा परत करावा लागतो, आणि खात्यातली एंट्री आणि चॅट मिळून ते पैसे कशाचे होते ते सिद्ध करता येतं.

रोख दिलं असेल तर अवघड आहे, पण गप्प बसू नका. आयकर कायद्याप्रमाणे घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त अॅडव्हान्स रोखीत घ्यायला २०१५ पासून बंदी आहे आणि दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. हे मालकाला शांतपणे सांगून "ते रोख पैसे मिळाले" एवढं तरी मेसेजमध्ये कबूल करून घ्यायचा प्रयत्न करा. परतफेडही रोखीत घेऊ नका, मोठी रक्कम रोखीत परत करणंसुद्धा त्या कायद्यात बसत नाही.

टोकनचा चेक अजून एजंटकडेच असेल, भरला नसेल, तर आजच त्याला लेखी कळवा की व्यवहार मालकाने मोडलाय, चेक मला परत द्या, मालकाला देऊ नका. एजंटने दलाली घेतली असेल तर तीही मागा, सौदा झालाच नाही.

पैसेच परत घ्यायचं ठरवलं असेल तर आता नोटीस. वकिलाकडून पाठवा, खर्च फार नसतो आणि पुष्कळ लोक नोटीस हातात पडली की नरम येतात. इंडेक्स टू वर जेवढे मालक आहेत तेवढ्यांच्या नावाने पाठवा, नवऱ्याला पाठवली आणि बायको सहमालक आहे असं नको. रक्कम, तारखा, माघार कधी आणि कशी घेतली, १५ दिवसांत पैसे परत करा, आणि व्याज. व्याजाचं वाक्य विसरू नका! करारात व्याज लिहिलेलं नसेल तरी इंटरेस्ट अॅक्ट १९७८ प्रमाणे लेखी मागणीत व्याज मागितलं असेल तर त्या तारखेपासून ते कोर्टात मागता येतं, नुसतं "पैसे द्या" लिहिलं तर हा मुद्दा हातचा जातो. लोनची प्रोसेसिंग फी, वकिलाची सर्च रिपोर्टची फी असे खर्चही लिहा. विसारपावतीत "मालकाने मोडल्यास टोकन दुप्पट" असं कलम असेल तर ते मागा जरूर, पण कोर्ट त्या आकड्याच्या आत वाजवी नुकसानभरपाई देतं, दुप्पट आपोआप मिळेलच असं धरून चालू नका. पाठवताना पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, कारण लोक अजून आरपीएडी (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) म्हणतात पण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

नोटीस पाठवली त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला एक पत्र द्या की अमुक फ्लॅटबाबत माझा करार आहे, पैसे दिलेत, वाद चालू आहे. पोच घ्या. नवा गिऱ्हाईक सोसायटीत एनओसीसाठी येतोच आणि त्याला हे कळलं की तो थबकतो. रक्कम मोठी असेल तर पेपरमध्ये जाहीर नोटीस द्या. नव्या पार्टीचा वकील ती बघतो, बँकही बघते, आणि मालकाला फ्लॅट विकायची घाई असेल तर तुमचे पैसे देऊन मोकळं होणंच त्याला परवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. मालक म्हणतो, "आधी रद्दलेखावर (साठेखत रद्द करायच्या दस्तावर) सही करा, पैसे पुढच्या आठवड्यात देतो." नाही म्हणा. रजिस्टर झालेलं साठेखत त्याला एकट्याला रद्द करता येत नाही, सब रजिस्ट्रारकडे तुमची सही लागते, आणि तोपर्यंत इंडेक्स टू च्या सर्चमध्ये तुमचं नाव दिसत राहतं. तीच सही म्हणजे तुमचं तारण. ती एकदा दिली की मग तुम्ही फक्त फोन करत राहणार. पैसे खात्यात आले, क्लिअर झाले, मग सही. किंवा सब रजिस्ट्रार ऑफिसमध्येच डिमांड ड्राफ्ट हातात घेऊन सही, आणि ड्राफ्टचा नंबर रद्दलेखात लिहायचा. मूळ विसारपावती परत मागितली तरी हाच नियम.

हप्त्यांत देतो म्हणाला तर समझोता लेखी करा, पुढच्या तारखांचे चेक घ्या आणि कुठला चेक कशापोटी ते समझोत्यात लिहा. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती त्याला मिळाल्यापासून १५ दिवस पैशांची वाट बघायची, आणि त्यानंतर एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली तक्रार. या तारखा चुकवू नका. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा हेही लक्षात ठेवा.

एवढं करूनही देत नसेल तर कोर्ट. मुदत तीन वर्षं, घर मागायचं असेल आणि करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर त्याने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून. "देतो हो, देतो" या तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. लेखी कागद पक्के असतील तर समरी सूट (लवकर निकाली निघणारा पैशांचा दावा) होईल का ते वकिलाला विचारा, त्यात समोरच्याला बचाव करायलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. घर मागायचा दावा लावलात तर त्यातच "ते शक्य नसेल तर टोकन व्याजासह परत" ही मागणी घालायलाच हवी, मागितलं नाही तर कोर्ट ती देऊ शकत नाही, नंतर दुरुस्ती करून घालता येते पण कशाला ठेवायचं. दाव्याची नोटीस सब रजिस्ट्रारकडे रजिस्टर करा, महाराष्ट्रात नुसता दावा लावून नंतरच्या खरेदीदारावर तो लागू करायला अडचण येते. अजून एक, टी पी अॅक्टच्या (मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या) कलम ५५ प्रमाणे तुमची चूक नसेल तर तुम्ही दिलेल्या रकमेचा बोजा त्या प्रॉपर्टीवर असतो, हे दाव्यात मागायला सांगा. कोर्टात जायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून बघायला हरकत नाही, लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते.

पोलिसात जावं का? नुसता शब्द फिरवला असेल तर पोलीस "हे दिवाणी आहे" म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण एकाच फ्लॅटचं टोकन दोघा-तिघांकडून घेतलंय, किंवा तुमचे पैसे घेतले तेव्हा फ्लॅट आधीच विकलेला होता, असं असेल तर ती फसवणूक आहे, कागद घेऊन तक्रार द्याच.

बिल्डरकडचं नवीन बुकिंग असेल तर रस्ता वेगळा, महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. तिथे रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही. वैयक्तिक मालकाकडून रिसेल घेताना मात्र महारेरा किंवा ग्राहक कोर्टाकडे जाऊन उपयोग नसतो, वेळ घालवू नका.

शेवटी दोन रकमा राहून जातात. साठेखतावर भरलेली स्टॅम्प ड्युटी: ताबा घ्यायच्या आधी आणि साठेखताला पाच वर्षं व्हायच्या आत रद्दलेख रजिस्टर झाला असेल तर त्या नोंदणीपासून सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे परताव्याचा अर्ज करता येतो. आणि ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात तुम्ही एक टक्का टीडीएस कापून भरला असेल तर तो मालकाच्या पॅनवर जमा झालेला असतो, म्हणून परत मागायची रक्कम लिहिताना ती टीडीएससकट लिहा आणि तो त्याने द्यायचा की तुम्ही ट्रेसेसवरून (आयकर खात्याची टीडीएसची वेबसाइट) परत मागायचा ते सीएला विचारून समझोत्यातच लिहून घ्या.