अंगावरून जास्त जातंय? आधी मोजा

'फार जातंय हो' एवढ्यावर ओपीडीत भागत नाही. ससून असो नाहीतर पेठेतला खाजगी दवाखाना, पुढचे प्रश्न ठरलेले: पाळी कधी आली, किती दिवस होती, दिवसाला किती पॅड? आठवून दिलेली उत्तरं बहुतेकदा चुकतात, म्हणून दोन पाळ्यांची नोंद हातात असलेली बरी. मात्र तासाला एक पॅड असे सलग दोन तास भिजले, चक्कर आली किंवा छातीत धडधडलं, तर नोंदीपायी थांबू नका. थेट इमर्जन्सीत जा किंवा 108 ला फोन करा.

दिवस मोजायचे ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी थांबल्यापासून मोजण्याची चूक फार होते. जूनमध्ये 12 ला आणि जुलैत 8 ला आली, तर अंतर 26 दिवसांचं. तारीख मागे आली तरी पाळी वेळेवरच आहे. 24 ते 38 दिवसांचं अंतर आणि जास्तीत जास्त 8 दिवस रक्तस्राव, हे सर्वसाधारण गणित.

रक्त किती गेलं याला गुण द्यायची एक पद्धत आहे. पॅडला नुसता डाग असेल तर 1, मध्यम भिजला तर 5, पूर्ण भिजला तर 20. लहान गाठीला 1, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठीला 5. दुसऱ्या दिवशी चार पॅड पूर्ण भिजले आणि तिसऱ्या दिवशी चार मध्यम, की झाले 100. एका पाळीत त्यापुढे गेलं तर 80 मिलीहून जास्त रक्त जात असण्याची शक्यता मोठी. जेलच्या पातळ पॅडमुळे हा हिशेब थोडा फसतो. कप वापरत असाल तर त्यावरच्या खुणांवरून सरळ मिली लिहा.

मधेच डाग, संबंधांनंतर रक्त, हेही लिहा. गोळ्या तर नक्कीच. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या आणि मधे एखादी चुकली, की डाग दिसतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे सांगायचं राहिलं तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात. रक्त पातळ करणारी औषधं आणि तांबी यांचंही तेच.

कारणं बरीच: फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पॉलिप (अस्तराला आलेला कोंब), गर्भपिशवीच्या स्नायूंची सूज, थायरॉइड, पीसीओडी, क्वचित कॅन्सर. मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्याचा दोष तपासायला हवा.

तपासणीत आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी). हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, थकवा त्याचाच. पोटावरून सोनोग्राफी असेल तर लघवी रोखून जायचं, आतून करायची असेल तर लघवी करून. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. गर्भाशयाच्या मुखाचं दुखणं तिच्यात निसटू शकतं. त्यासाठी आतून तपासणी आणि पॅप टेस्ट (मुखावरच्या पेशींची तपासणी) लागते.

'पाळी जाताना असं होतंच' या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला तरी दाखवायचं. तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर 4 मिमीपेक्षा जाड असेल तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासणी, लागते. पंचेचाळिशीनंतर अनियमित जात असेल तरीही.

रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड पाळीच्या दिवसांतच घेतात, साधारण 500 मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त चार-पाच दिवस. रक्त कमी होतं, तारखा सुधारत नाहीत. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल तर ही गोळी नको, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते.

रक्तस्राव कमी करायला गर्भाशयात हार्मोनची तांबी बसवतात; ती बसवल्यावर तीन ते सहा महिने डाग दिसत राहतात. त्याला कंटाळून ती काढून टाकली जाते, आणि मग गाडी 'पिशवीच काढून टाका' वर येते. तो सल्ला मिळाला तर बायोप्सी केली का आणि त्याआधीचा कोणता उपाय उरलाय, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर पटलं नाही तर फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.