कुत्र्याच्या केसांत लोकर मिसळून सूत कातताना

दाट केसांच्या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि त्यांच्या मुळाशी दडलेली मऊ लव. सूत कातायचे ते या लवेचे. कात्रीने किंवा मशिनने केस कापले तर दोन्ही थर एकत्र येतात आणि राठ केसांची टोके पुढे विणलेल्या कापडातून टोचत राहतात. म्हणून केस गळण्याच्या दिवसांत विंचरून निघालेली लवच साठवावी. सामोयेड, हस्की, पॉमेरेनियन यांची लव चांगली. ती निदान चार सेंटिमीटर लांब असावी आणि कापडी पिशवीत ठेवावी, कारण प्लॅस्टिकमध्ये ती कोंदटते.

लोकर मिसळण्याचे कारण मला पहिल्या मफलरने शिकवले. तो निव्वळ पॉमेरेनियनच्या लवेचा होता. ऊब उत्तम होती, पण महिन्याभरात तो वीतभर लांबला आणि काळ्या साडीवर पांढरी लव सांडू लागली. मेंढीच्या लोकरीचा तंतू कुरळा असल्याने ताण सुटताच पुन्हा आखडतो. कुत्र्याच्या केसात ही लवचीकता फार थोडी असते. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोस्ट सॅलिश लोक लोकरीसाठी खास कुत्री पाळत आणि त्यांची लव डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत मिसळून पांघरुणे विणत. अशाच एका कुत्र्याचे, 1859 साली मेलेल्या ‘मटन’चे, कातडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आजही जपलेले आहे.

पहिल्या प्रयोगासाठी 40 ग्रॅम लव आणि 60 ग्रॅम मेरिनो लोकर घ्यावी. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर मला मनापासून आवडते, पण ती राठ असते. तिचे मिश्रण आसनासाठी किंवा पायपुसण्यासाठी ठेवावे, गळ्याशी नको.

लव जाळीच्या पिशवीत भरून, शाम्पू घातलेल्या कोमट पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावी. चोळू नये, नाहीतर तिच्या गुठळ्या होतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतल्यास वासही बराचसा जातो. मग सावलीत पूर्ण वाळवावी.

खरे काम पिंजण्याचे आहे, आणि तिथे घाई करू नये. तारांच्या बारीक दातांच्या दोन फण्या नसतील तर कुत्र्याचे केस विंचरायचे दोन कोरे स्लिकर ब्रशही चालतात. एका ब्रशवर लोकरीचा पातळ थर, त्यावर लवेचा, पुन्हा लोकरीचा असे थर द्यावेत आणि दुसरा ब्रश हलक्या हाताने ओढत तंतू एकजीव करावेत. राठ केस दिसेल तिथे उपटून टाकावा. प्रकाशासमोर धरल्यावर पांढरे ढगाळ पुंजके दिसत असतील तर आणखी दोनदा पिंजावे. असा पुंजका राहिला की नेमके तिथेच सूत तुटते. मग पिंजलेल्या तंतूंचे सैलसर पेळू, म्हणजे कातण्यासाठीच्या लांबट गुंडाळ्या, वळावेत.

कातायला हलकी टकळी घ्यावी. लव निसरडी असल्यामुळे तंतू थोडेथोडेच सोडावेत आणि नुसत्या लोकरीपेक्षा पीळ जास्त द्यावा. असे दोन धागे उलट दिशेने एकत्र पिळले म्हणजे सूत भक्कम होते आणि लव कमी सुटते. त्याची लड कोमट पाण्यात बुडवून, टॉवेलात दाबून, वजन न लावता टांगावी.

विणण्याआधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजावा आणि टाके त्या मापावरूनच ठरवावेत.